एका प्रेमगीताची धास्ती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२३ मे १९२१ची रात्र. न्यूयॉर्कच्या त्रेसष्टाव्या रस्त्यावरच्या एका सभागृहात नवं संगीत नाटक लागलं होतं. ब्रॉडवेची झगमगणारी नाट्यगृहं इथून बरीच दूर. हे सभागृह तसं आडबाजूचंच. रंगमंच उथळ. वाद्यवृंदाला धड जागा नाही, म्हणून पुढच्या खुर्च्या काढून ती केलेली. नाटकाचं नाव 'शफल अलाँग'. पहिला अंक सुरू असताना नाटकाच्या चार कर्त्यांपैकी तिघं मागच्या दाराशी उभे होते. एक पाय आत, एक बाहेर. प्रेक्षक खवळलेच तर हार्लेमच्या दिशेनं पळ काढायचा, अशा तयारीत. चौथा समोर, वाद्यवृंदात पियानोवर बसलेला. त्याला पळायला वाटच नव्हती.

एवढी भीती कशाची होती? नाटकात राजकारणावर जहरी टीका होती का? नाही. अश्लील काही होतं का? तेही नाही. भीती होती ती एका प्रेमगीताची. नायक आणि नायिका एकमेकांना साधेपणानं, मनापासून सांगतात की अडचणी कितीही असोत, प्रेमाला वाट सापडतेच. गाण्याचं नाव 'लव्ह विल फाइंड अ वे'. अशी गाणी त्या काळच्या प्रत्येक नाटकात असत. फरक एवढाच, की हे गाणारे दोघंही, लॉटी गी आणि रॉजर मॅथ्यूज, कृष्णवर्णीय होते.

तेव्हाच्या अमेरिकन रंगभूमीवर एक अलिखित नियम होता. कृष्णवर्णीय कलावंतानं नाचावं, धडपडावं, विनोद करावा. गोरा प्रेक्षक पैसे मोजून बघेल. पण कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांनी रंगमंचावर गंभीरपणे प्रेम करायचं नाही. केलंच तर त्याची थट्टा व्हायला हवी, म्हणजे प्रेक्षक निर्धास्त. या नियमामागं मिन्स्ट्रेल नावाच्या खेळाची जवळजवळ शंभर वर्षांची परंपरा होती. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासत, ओठ मोठाले रंगवत आणि गुलामांची नक्कल करून लोकांना हसवत. पुढे खुद्द कृष्णवर्णीय नटांनाही पोटासाठी तीच काजळी फासावी लागली. ज्याच्या चेहऱ्याकडे लोक शंभर वर्षं हसण्यासाठीच बघत आले, त्यानं प्रेमाचे शब्द उच्चारले तर काय होईल, हे १९२१ साली कोणालाच ठाऊक नव्हतं.

झालं ते असं, की प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून ते गाणं पुन्हा म्हणायला लावलं.

ते लिहिणारा होता नोबल सिसल आणि चाल लावणारा युबी ब्लेक. दाराशी उभ्या तिघांत सिसल होता, पियानोवर अडकलेला तो ब्लेक. या जोडगोळीच्या मागे काय उरलं, ते आज सांगायचं आहे.

दोघांची घरं अगदी निराळी. सिसल १८८९ साली इंडियानापोलिसला जन्मला. वडील धर्मोपदेशक, आई शिक्षिका. मुलगा कॉलेजात शिकलेला, उच्चार स्वच्छ, वागण्यात अदब. ब्लेक बाल्टिमोरचा. त्याचे आईवडील जन्मानं गुलाम होते. वडील गोदीत हमाली करत, आई लोकांचे कपडे धुई. आठ मुलांपैकी जगला तो एकटा. चार-पाच वर्षांचा असताना एका दुकानात शिरून तो ऑर्गन वाजवायला लागला, म्हणून घरच्यांनी आठवड्याला पंचवीस सेंटच्या हप्त्यानं पंच्याहत्तर डॉलरचा ऑर्गन घेतला. आईची इच्छा, पोरानं देवाची गाणी वाजवावीत. पोरगा रात्री खिडकीतून पसार होऊन कुंटणखान्यात रॅगटाइम वाजवायचा.

रॅगटाइम म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगतो. डावा हात ठेका धरून सरळ चालत असतो, आणि उजवा हात मुद्दाम मात्रेच्या अलीकडे नाहीतर पलीकडे सूर ठेवत त्याला चुकवत असतो. आपल्याकडे ठेका सरळ चालू असताना गायक समेला हुलकावणी देतो ना, त्या खोडकरपणाचीच जात. ब्लेकचे हात मोठे, बोटं लांब, आणि डावा हात विलक्षण दमदार.

दोघांची गाठ १९१५मध्ये बाल्टिमोरच्या एका बँडमध्ये पडली. ब्लेकला चाली सुचत, पण शब्द लिहिणारं कोणी हवं होतं. सिसलला शब्द सुचत. थोड्याच दिवसांत त्यांनी एका मित्राच्या मदतीनं पहिलं गाणं केलं आणि थेट सोफी टकर या त्या वेळच्या बड्या गायिकेकडे नेलं. तिनं ते घेतलं. तेव्हा गाण्याचा धंदा चालायचा तो छापील स्वरलिपीवर. ध्वनिमुद्रिका होत्या, पण खरा पैसा घरोघरच्या पियानोवर ठेवायच्या त्या कागदांत. एखाद्या नामवंत गायिकेनं गाणं म्हटलं, की कागद खपायचे. या पेठेत दोन अनोळखी कृष्णवर्णीय तरुणांचं पहिलंच गाणं शिरलं, ही काही लहान गोष्ट नव्हती.

इथं जेम्स रीस युरोप या माणसाचा उल्लेख करायलाच हवा. न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वादकांना संघटित करणारा हा संगीतकार. आपल्या लोकांचं संगीत अदबीनं, नीटनेटक्या पोशाखात, भरपूर मोबदला घेऊन सादर व्हावं, हा त्याचा आग्रह. सिसल त्याच्या हाताखाली गेला आणि मग ब्लेकलाही त्यानं बोलावून घेतलं. पहिल्या महायुद्धात युरोप आणि सिसल ३६९व्या पलटणीच्या बँडमधून फ्रान्सला गेले. ही कृष्णवर्णीय सैनिकांची पलटण. अमेरिकी लष्कराला आपल्या गोऱ्या शिपायांच्या बरोबरीनं त्यांना लढवायचं नव्हतं, म्हणून ती फ्रेंचांच्या हवाली केली गेली. ते १९१ दिवस आघाडीवर होते. परतल्यावर न्यूयॉर्कनं त्यांची मिरवणूक काढली. पण ९ मे १९१९ रोजी बोस्टनमध्ये युरोपच्याच एका ड्रमवादकानं चिडून त्याच्यावर चाकू चालवला, त्यात तो गेला. कृष्णवर्णीयांची नाटकं ब्रॉडवेवर पुन्हा आणण्याचं त्याच्या मनात होतं. १९१०च्या सुमारास त्या पिढीचे मोठे कलावंत एकापाठोपाठ एक गेले होते आणि ती रंगभूमी जवळजवळ ओस पडली होती.

सिसल आणि ब्लेक आता दोघंच उरले. त्यांनी व्होडव्हिलमध्ये, म्हणजे गाणी, नकला, कसरती अशा मिश्र करमणुकीच्या रंगमंचावर आपला कार्यक्रम सुरू केला. पुढची गोष्ट ब्लेक म्हातारपणी रंगवून सांगायचा. ठेकेदारांची कल्पना अशी होती, की दोघांनी फाटके कपडे घालून गोदीतले हमाल व्हावं, खोक्यात पियानो सापडावा, आणि 'हे काय बरं असेल?' असं तोंड करून त्यांनी तो वाजवायला लागावं. म्हणजे पियानो ही वस्तू यांनी कधी पाहिलेलीच नाही! दोघांनी ते केलं नाही. काजळी न फासता, झकास सूट घालून ते आले, सिसल गायला, ब्लेकनं वाजवलं. बाप खरोखरच गोदीत हमाली करत असलेल्या माणसाला तो वेश कसा टोचला असेल, याची कल्पना करा.

१९२०मध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमात त्यांची भेट फ्लॉर्नॉय मिलर आणि ऑब्रे लाइल्स या विनोदी जोडीशी झाली. हे फिस्क विद्यापीठात शिकलेले, आणि त्यांच्याजवळ एक प्रहसन होतं. त्यातून 'शफल अलाँग' उभं राहिलं. कथानक पातळच. जिमटाउन नावाच्या गावात किराणा दुकानाचे दोन भागीदार नगराध्यक्षपदासाठी एकमेकांविरुद्ध उभे राहतात, दोघंही लबाड. शेवटी हॅरी नावाचा सज्जन उमेदवार त्यांना घरी बसवतो. पैसा नव्हता. कपडे आले ते पडलेल्या नाटकांचे, वापरलेले. त्यात काही कपडे दक्षिणेतल्या कापूस वेचणाऱ्या मजुरांचे होते, काही पौर्वात्य थाटाचे. नाटकात या दोहोंचं काहीच काम नव्हतं. मग सिसल-ब्लेकनी कपड्यांना साजेशी गाणी लिहिली! गाण्यावरून कपडे शिवतात हे ऐकलं होतं, इथं कपड्यांवरून गाणी बेतली गेली. गावोगाव एकेक रात्रीचे प्रयोग करत, गाडीभाड्याची जुळवाजुळव करत, डोक्यावर कर्जाचा बोजा घेऊन मंडळी न्यूयॉर्कला पोचली.

आणि ५०४ प्रयोग झाले.

हे नाटक एवढं चाललं कशामुळे? माझ्या मते मुख्य कारण लय. इतर संगीत नाटकांत नाचणाऱ्या मुली सुंदर दिसत आणि जागच्या जागी हलत. इथं त्या गाण्याइतक्याच वेगानं नाचत होत्या. ब्लेकचा पियानो सगळ्याला पुढे ढकलत होता. लवकरच गोऱ्या नाटकांतल्या नर्तकी या पावलांचे धडे घेऊ लागल्या. पण सगळ्यात गाजलेल्या गाण्याची जन्मकथा मजेदार आहे. 'आयॅम जस्ट वाइल्ड अबाउट हॅरी' हे ब्लेकनं आधी वॉल्ट्झमध्ये, तीन मात्रांच्या संथ झोक्यात बांधलं होतं. त्याचा जीव ऑपेरेटांवर. लॉटी गीनं नापसंती दाखवली. कृष्णवर्णीयांच्या नाटकात वॉल्ट्झ कोण ऐकून घेईल, असा तिचा सवाल. ब्लेकला वाईट वाटलं, पण त्यानं गाणं दोन मात्रांच्या चपळ चालीत बदललं, आणि तेच अजरामर झालं. चांगलंच झालं म्हणायचं. पण त्यात एक काटा आहे. प्रेमगीताची बंदी मोडणाऱ्या माणसालाही वॉल्ट्झची बंदी पाळावी लागली.

असे काटे या नाटकात पुष्कळ होते आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मिलर आणि लाइल्स, दोघं विद्यापीठात शिकलेले, याच नाटकात काजळी फासून येत. एका प्रवेशात अडाणी दुकानदारांवर प्रेक्षक खदाखदा हसत आणि दुसऱ्यात त्याच प्रेक्षकांसमोर ते हळवं प्रेमगीत होई. समूहात नाचणाऱ्या मुली उजळ वर्णाच्या निवडलेल्या. जोसेफिन बेकर नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला आधी परत पाठवलं गेलं. वय कमी हे एक कारण, सावळा रंग हे दुसरं. ती हटली नाही, फिरत्या संचात शिरली, रांगेच्या टोकाला उभी राहून मुद्दाम वेडीवाकडी नाचून लोकांना हसवू लागली. १९२५मध्ये ती पॅरिसला गेली आणि पुढचं जगाला माहीत आहे. वादकांचीही एक गोष्ट आहे. ब्लेक सांगे, की त्यांनी सगळं संगीत पाठ करून, समोर कागद न ठेवता वाजवलं. कारण हे लोक स्वरलिपी वाचू शकतात यावर गोऱ्या प्रेक्षकाचा विश्वास बसत नसे. त्याला वाटे, यांना ते उपजतच येतं. या अडाणी ठरवलेल्या वादकांत ओबो वाजवणारा विल्यम ग्रँट स्टिल होता, ज्यानं पुढे सिंफनी लिहिल्या. फ्लॉरेन्स मिल्सचं नाव याच नाटकानं मोठं केलं, पॉल रोबसन इथं काही दिवस गायला.

तारखा शेजारी ठेवून बघाव्यात. 'शफल अलाँग'चा पडदा उघडला २३ मेला. त्यानंतर आठच दिवसांनी, ३१ मे रोजी, ओक्लाहोमा राज्यातल्या टुल्सा शहरात गोऱ्या जमावानं कृष्णवर्णीयांची ग्रीनवुड ही भरभराटलेली वस्ती जाळायला घेतली. दुसऱ्या दिवसापर्यंत पस्तीसच्या आसपास चौक बेचिराख झाले. एकाच देशात, एकाच पंधरवड्यात. मागच्या दाराशी एक पाय बाहेर ठेवून उभ्या असलेल्या त्या तिघांना आपण भित्रे म्हणायचं का?

नाटकगृहातही बदल झाला, छोटा पण डोळ्यांत भरणारा. कृष्णवर्णीय प्रेक्षकांची जागा तेव्हा वरच्या सज्जात असे. इथं त्यांना तळमजल्याच्या एका भागात बसायला मिळालं. कवी लँग्स्टन ह्यूजनं आत्मचरित्रात म्हटलं आहे, की आपण न्यूयॉर्कच्या विद्यापीठात यायचं एक खरं कारण हे नाटक बघणं होतं. ज्याला हार्लेमचं प्रबोधन म्हणतात, त्या काळाची सुरुवातही तो या नाटकापासून धरतो.

पुढचं नाटक 'द चॉकलेट डँडीज' १९२४चं. या वेळी पैसा होता, थाटमाट होता, रंगमंचावर फिरत्या पट्ट्यावर खरे घोडे धावत होते. ब्लेकच्या मते हे त्याचं सर्वोत्तम संगीत. पण समीक्षकांची तक्रार निघाली, की हे फार गोऱ्यांसारखं झालं. म्हणजे गबाळेपणा केला तर मागास, टापटीप केली तर नक्कल. ९६ प्रयोगांत नाटक उतरलं. जोडी इंग्लंडला गेली. सिसल तिथं रमला, ब्लेकला घरची ओढ. १९२७च्या सुमारास भागीदारी थांबली. सिसलनं पॅरिस आणि अमेरिकेत वाद्यवृंद चालवले, तरुण लीना हॉर्न त्याच्याकडे गायली. ब्लेकनं अँडी रॅझाफच्या शब्दांवर 'मेमरीज ऑफ यू' केलं. 'शफल अलाँग' पुन्हा उभं करायचे १९३३ आणि १९५२मधले प्रयत्न सपशेल पडले.

मग १९४८ साली एक गंमत झाली. हॅरी ट्रुमन अध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते आणि प्रचाराला गाणं मिळालं 'हॅरी'चं. जिमटाउनच्या कृष्णवर्णीय उमेदवारासाठी लिहिलेलं गाणं एका गोऱ्या अध्यक्षासाठी देशभर वाजलं. त्याच वर्षी जुलैत ट्रुमननी लष्करातला वर्णभेद मोडण्याचा आदेश काढला. तीस वर्षांपूर्वी ज्याची पलटण फ्रेंचांना देऊन टाकली होती, त्या सिसलला काय वाटलं असेल!

या मंडळींचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. जेम्स रीस युरोपच्या वाद्यवृंदात क्रिकेट स्मिथ नावाचा कॉर्नेटवादक होता. १९३०च्या दशकात तो मुंबईत ताजमहाल हॉटेलात बँड घेऊन वाजवत होता. तिथं टेडी वेदरफोर्डसारखे अमेरिकी वादकही आले, आणि गोव्याच्या वादकांनी त्यांच्या शेजारी बसून ती लय हातात घोळवली. त्यातला चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांच्या साथीला आला. 'अलबेला' (१९५१) ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी त्याला पडद्यावरही पाहिलं आहे. सिसल-ब्लेकची गाणी आपल्याकडे आली असं मी म्हणणार नाही, पण ज्या घराण्यात ती वाढली, तिथलीच माणसं इथवर आली.

गीतकार-संगीतकारांच्या जोडीत नाव कोणाचं टिकतं? बहुधा जो जास्त जगतो त्याचं. १९६९मध्ये कोलंबिया कंपनीनं ब्लेकच्या पियानोच्या दोन तबकड्यांचा संच काढला. त्यात सिसलही गायला, जोडी पुन्हा एकत्र आली. रॅगटाइमची लाट परत येत होती आणि तो स्वतः अनुभवलेला, हसरा, गप्पिष्ट म्हातारा लोकांना हवाच होता. सिसल १९७५मध्ये गेला. ब्लेक मात्र दूरचित्रवाणीवर झळकला, १९७८मध्ये त्याच्या गाण्यांचं 'युबी!' ब्रॉडवेवर चारशेहून अधिक प्रयोग चाललं, १९८१मध्ये त्याला देशाचं सर्वोच्च नागरी पदक मिळालं. शंभरावा वाढदिवस साजरा झाल्यावर पाच दिवसांनी, १२ फेब्रुवारी १९८३ रोजी तो वारला. पुढे संशोधकांनी जनगणनेची आणि सरकारी कागदपत्रं तपासली, तेव्हा त्याचा जन्म १८८३चा नसून १८८७चा निघाला. म्हणजे तो शहाण्णव वर्षांचा होता. कोलंबियाच्या त्या संचाचं नाव 'युबी ब्लेकची शहाऐंशी वर्षं' अशा अर्थाचं, तेव्हा त्याला ब्याऐंशीच झाली होती! हा लबाडपणा की विसराळूपणा, देव जाणे. पण जोडीची बहुतेक हकिकत आपल्यापर्यंत त्याच्याच तोंडून आली असल्यानं ती थोड्या मिठानिशी ऐकावी. बिचाऱ्या सिसलची बाजू कमीच ऐकू येते. शब्द त्याचे, दाराशी उभं राहण्याचं धाडस त्याचं, पण तबकडीच्या वेष्टनावर चेहरा ब्लेकचा.

२०१६मध्ये जॉर्ज सी. वुल्फ या दिग्दर्शकानं 'शफल अलाँग' कसं घडलं यावरच ब्रॉडवेला एक नाटक केलं. ऑड्रा मॅक्डॉनल्डनं त्यात लॉटी गी साकारली. टोनी पुरस्कारांची दहा नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. ते वर्ष 'हॅमिल्टन'चं होतं. उद्‍घाटनानंतर तीन महिन्यांच्या आतच प्रयोग थांबले.

मूळ जोडीला बघायचं तर एक छोटी फिल्म उरली आहे. १९२३ साली ली डी फॉरेस्ट या संशोधकानं चित्रपटाला आवाज देण्याचे प्रयोग चालवले होते. त्यासाठी त्यानं सिसल-ब्लेकना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. बोलपटाची सुरुवात म्हणून आपण ज्याचं नाव घेतो तो 'द जॅझ सिंगर' १९२७चा, आणि त्यात अल जोल्सन हा गोरा गायक काजळी फासून गातो. त्याच्या चार वर्षं आधीच्या या फिल्ममध्ये दोघा कृष्णवर्णीयांच्या चेहऱ्यांवर काजळी नाही. गाणी मात्र दक्षिणेच्या जुन्या आठवणींची, तेव्हा खपणारी. सिसल पियानोशेजारी उभा राहून हातवारे करत, प्रत्येक शब्द स्वच्छ उच्चारत गातो. ब्लेकची लांब बोटं पट्ट्यांवर धावत असतात आणि मधूनच तो मान वर करून सिसलकडे बघतो.